रॅम रिकामी ठेवा, स्वॅप हाकलून द्या

आधी लिनक्समध्ये 'फ्री' ही मेमरीचा हिशेब दाखवणारी कमांड चालवा आणि घाबरा. १६ जीबी रॅम, त्यात रिकामी जेमतेम ३०० एमबी! त्याच ओळीत 'अव्हेलेबल'खाली ११ जीबी दिसतील, पण तिकडे बघायचं नाही. लिनक्स कर्नलने (म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याने) मोकळ्या जागेत डिस्कवरच्या फायली आणून ठेवल्यात, कुणी जागा मागितली की त्या लगेच टाकून देता येतात, असल्या सबबी ऐकून घ्यायच्या नसतात. रॅम काय वापरायला घेतली होती? रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) होऊन 'ड्रॉप कॅशेस'मध्ये ३ लिहा, म्हणजे त्या आणून ठेवलेल्या फायली रॅममधून बाहेर. आकडा कसा टुणकन वर जातो! मग पुढचा प्रोग्राम उघडायला जो वेळ लागेल, त्यात त्या आकड्याकडे बघत बसा.

स्वॅपिनेस या सेटिंगचा आकडा ६० दिसला, तर रॅम ६० टक्के भरली की स्वॅप (रॅममधला डेटा डिस्कवरच्या राखीव जागेत हलवणं) सुरू होतो, असं चारचौघांत ठणकावून सांगा. कर्नल ५.८ पासून हा आकडा २०० पर्यंत नेता येतो. २०० टक्के रॅम कशी भरते, हे कुणी विचारलं तर विषय बदला. रॅममधून पानं (मेमरीचे छोटे तुकडे) काढायची वेळ आली की प्रोग्रामच्या खासगी डेटाची काढायची की फायलींची, एवढाच कल तो आकडा ठरवतो म्हणे. कंटाळवाणं आहे.

त्यापेक्षा स्वॅप बंदच करा. (मी केला होता. अनुभवाचे बोल.) आठवड्यापूर्वी उघडून विसरलेल्या टॅबचा डेटा आता रॅममध्येच ठिय्या देऊन बसेल, कारण त्याला जायला जागाच नाही. टंचाई आली की कर्नल काढणार काय? चालू प्रोग्रामचा कोड! तो फाइल म्हणून डिस्कवर आहेच. ४ केबीचं पान टाकायचं, पुढच्याच क्षणी तेच परत वाचायचं, त्यासाठी दुसरं टाकायचं. माउसचा बाण थिजतो, अर्ध्या मिनिटाने भलत्याच कोपऱ्यात उगवतो, डिस्कचा दिवा विझत नाही. या थ्रॅशिंगवर संगणकशास्त्रज्ञ पीटर डेनिंगने १९६८ मध्येच लिहून ठेवलंय. पण स्वॅप नसताना ते घडवून आणणं, यात तुमचाही हात आहेच.

एवढ्यावर ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोग्राम मारणारा कर्नलचा जल्लाद) येईल आणि बहुधा सगळ्यात जास्त रॅम खाणाऱ्याचा, म्हणजे तुम्ही ज्यात काम करत होता त्याचाच, गळा धरेल. उपाय सोपा: ज्याला वाचवायचं, त्याच्या 'ओओएम स्कोअर ॲडजस्ट'मध्ये उणे १००० लिहून अभयपत्र द्या. कुणावर अन्याय नको म्हणून सगळ्यांनाच द्या. मारायला कुणी उरलं नाही, की कर्नल स्वतःच पॅनिक होऊन मान टाकतो.

मशीन पुन्हा सुरू करा आणि 'फ्री' चालवा. बघा, किती रिकामी आहे!