सिकलसेलच्या गोळ्या बंद करू नका

गडचिरोली-चंद्रपूरकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे : सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर एका डोसात बरं करणारं इंजेक्शन आलं, ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, रोजच्या गोळ्या आता सोडा. यातलं नवा उपचार आला एवढंच खरं आहे.

त्याचं नाव कॅसजेव्ही. ब्रिटनने नोव्हेंबर 2023 मध्ये आणि अमेरिकेने डिसेंबरमध्ये त्याला मंजुरी दिली. पण हे दंडात टोचायचं इंजेक्शन नव्हे. रुग्णाच्याच रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी काढतात, प्रयोगशाळेत त्यांच्या जनुकात बदल करतात, मग जोरदार केमोथेरपी देऊन त्या पेशी परत शरीरात सोडतात. काही आठवडे दवाखान्यात राहावं लागतं. अमेरिकेतली किंमत 22 लाख डॉलर. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हे मिळत नाही.

आता गोळ्यांचं. आईच्या पोटात असताना आपल्या रक्तात एक वेगळं हिमोग्लोबिन असतं; जनुकातला तो बदल तेच रुग्णाच्या रक्तात पुन्हा वाढवतो. ते वाढलं की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकत नाहीत. हायड्रॉक्सीयुरियाची गोळीसुद्धा हेच हिमोग्लोबिन वाढवते, फक्त ती रोज घ्यावी लागते. सोडली की ते पुन्हा उतरतं आणि दुखणं उसळतं. रोवणीच्या दिवसांत तर जास्तच जपा : दिवसभर पावसात भिजणं, पाणी कमी पिणं, अंगमेहनत, यानेच हातपाय आणि छाती दुखायला लागते.

मेसेज वाचून कुणी गोळ्या सोडल्या असतील, तर आजच आशाताईंना सांगा आणि डॉक्टरांना भेटा. ताप किंवा छातीत दुखणं असेल तर सकाळची वाट पाहू नका.