डनिच एका रात्रीत बुडालं नाही

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, सफकमध्ये डनिच नावाचं गाव आहे. त्याच्याबद्दल सर्रास सांगितलं जातं, ते असं: एकेकाळी हे लंडनएवढं शहर होतं, एका वादळी रात्री अख्खं समुद्रात गेलं आणि आजही लाटांखालून चर्चच्या घंटा ऐकू येतात. गोष्ट झकास आहे. खरी मात्र फार थोडी.

लंडनएवढं? १०८६ च्या डोम्सडे नोंदींवरून, म्हणजे राजाने करवलेल्या जमीन-पाहणीवरून, डनिचची वस्ती साधारण तीन हजार धरतात. त्या काळी हे मोठंच गाव, पण लंडन त्याच्या कितीतरी पट. १२०५ साली राजाच्या गॅली, म्हणजे वल्ह्यांची लढाऊ जहाजं, कोणत्या बंदरात किती, याची यादी आहे. लंडनला पाच, डनिचलाही पाच. झाली बरोबरी! पण त्याच यादीत शोरहॅमलाही पाच आहेत, आणि शोरहॅमला कुणी लंडन म्हणत नाही.

एका रात्रीत? नांगरटीची निम्मी जमीन समुद्राने नेल्याची नोंद डोम्सडेतच आहे. म्हणजे मोठ्या वादळांच्या दोनशे वर्षं आधीपासून झीज चालू होती. इथला कडा वाळू-खड्यांचा; पायथा धुपला की वरचं कोसळतं. १२८६, १३२८, १३४७ अशी वादळं आली, घरं गेली. तरी ऑल सेंट्स चर्चच्या मनोऱ्याचा शेवटचा भाग पडला तो १९१९ च्या सुमारास. फारच लांबलेली रात्र म्हणायची.

खरा घाव या गोष्टीत येतच नाही. १३२८ च्या वादळात बंदरापुढचा दगडगोट्यांचा दांडा सरकला, बंदराचं तोंड बुजलं आणि बंदरातून समुद्राला मिळणाऱ्या नदीने उत्तरेला शेजारच्या वॉल्बर्सविक गावाकडे वाट काढली. जहाजं तिकडे, जकातही तिकडे. १०८६ मध्ये खंडापोटी ६८,००० हेरिंग मासे देणाऱ्या गावाचं पोटच गेलं. माणसं हलली. पुढच्या शतकांत समुद्राने जे गिळलं, त्यातलं बरंचसं आधीच ओस पडत चाललेलं होतं.

राहिल्या घंटा. सेंट जॉन चर्च सोळाव्या शतकात गावकऱ्यांनीच उतरवलं. कडा दाराशी आल्यावर विकण्याजोगी घंटा कोण मागे ठेवील? पाणी इतकं गढूळ, की बुडी मारणाऱ्या माणसांना फारसं दिसत नाही. म्हणून साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या डेव्हिड सिअर यांनी ध्वनिलहरींनी तळ टिपणाऱ्या 'सोनार' यंत्राने तळ तपासला. तीन ते दहा मीटरवर सापडले ते पडक्या इमारतींचे दगड.

आणि गाव संपलेलंही नाही. दोनशेच्या आत माणसं राहतात, ग्रेफ्रायर्स मठाच्या भिंती उभ्या आहेत. नवल करायचंच तर याचं करा: १८३२ पर्यंत इथले जेमतेम ३२ मतदार पार्लमेंटमध्ये दोन खासदार पाठवत होते.