आणि मशीनच बंद पडलं तर?
‘व्हिडिओ आला की पंचांच्या निर्णयावरचे वाद संपतील’ हे खेळातल्या व्हिडिओ-तपासणीवरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. ३१ मे २०१९ ची आफ्रिकन चॅम्पियन्स लीग या फुटबॉल स्पर्धेची फायनल आठवा. मोरोक्कोच्या वायदाद क्लबचा बरोबरीचा गोल पंचांनी नाकारला. तपासा म्हटलं, तर व्हीएआर (व्हिडिओ बघून पंचांना मदत करणारी यंत्रणा) बंद! वायदादचे खेळाडू पुन्हा खेळायला उतरलेच नाहीत. आफ्रिकन महासंघाच्या कार्यकारी समितीनं फेरसामना ठरवला, तो स्वित्झर्लंडमधल्या आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादानं रद्द केला. कारण काय, तर असा आदेश द्यायचा अधिकारच त्या समितीला नव्हता. गोल खरा की खोटा, हा मुद्दा बाजूलाच. चषक ट्युनिशियाच्या एस्पेरान्सकडंच राहिला. फुटबॉलच्या नियमांतही लिहिलंय, व्हीएआर बिघडलं म्हणून सामना तत्त्वतः रद्द होत नाही.

आमच्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठांची मॅच असली की प्रत्येक पेनल्टीचं शूटिंग ढीगभर मोबाईलवर असतंय, आणि रात्री तालमीच्या कट्ट्यावर तेच ‘पुरावा’ म्हणून फिरतंय. कुठल्या कोनातनं काढलंय, मधलं काय कापलंय, कोण विचारतंय? (आमच्या पेठेचीपण तीच तऱ्हा.) कॅमेरे जरूर बसवा, पण आधी नियमावलीत लिहा: कुठलं चित्रण धरायचं, तक्रार किती मिनिटांत करायची, आणि मशीन बंद पडलं तर कुणाचं ऐकायचं. खासबागेतल्या कुस्तीत पाठ टेकली का नाही, यालाही तेच लागू.