कोकॅनीला चिडवण्याचं शास्त्र

कोकॅनी सॅमन भूक लागली म्हणून गळाला लागत नाही, वैताग आला म्हणून लागतो. सॉकाय सॅमनचा हा भाऊबंद समुद्राचं तोंडही न पाहता जन्मभर तळ्यात राहतो आणि कल्ल्यांतल्या चाळणीनं बारीक प्राणिप्लवक गाळून पोट भरतो. त्याचं हे जेवण जगातल्या कुठल्याही गळाला टोचता येत नाही. मग एकच मार्ग उरतो: त्याच्या नाकासमोरून इतकं भडक, वासट आणि वळवळणारं काहीतरी ओढत न्यायचं की त्यानं चिडून चावलंच पाहिजे. या उद्योगाला ट्रोलिंग म्हणतात. त्यासाठी बोट लागते, आणि दोघांपैकी आधी कोण वैतागतं हे बोटीवरच्या माणसांकडे पाहिलं की कळतं.

कॅलिफोर्निया आणि नेवाडाच्या सीमेवरच्या लेक टाहोत हा मासा १९४४ साली बाहेरून आला. तळं १,६४५ फूट खोल. १९६० च्या दशकात माशांना खाऊ म्हणून तिथं मायसिस नावाची कोळंबी सोडण्यात आली. हा खाऊ दिवसा तळाशी बसतो आणि रात्री वर येऊन डाफ्निया नावाचे प्लवक फस्त करतो, म्हणजे नेमकं कोकॅनीचं ताट. त्यामुळे टाहोत सव्वा फुटाचा कोकॅनी मिळाला तर फोटो काढायला हरकत नाही. ऑरेगॉनच्या वॉलोवा लेकमध्ये २०१० साली ९ पौंड १० औंसांचा विक्रमी कोकॅनी निघाला होता, ही माहिती टाहोवर मोठ्यानं सांगू नये.

आता तयारी. घरातला कलह मक्यापासून सुरू होतो, म्हणून आपणही तिथूनच सुरू करू. डब्यातला पांढरा शूपेग मका आणायचा. त्याचे दाणे अरुंद नि लांबट असतात. नेहमीचा टपोरा पिवळा दाणा या इवल्या गळांना मोठा पडतो. पाणी निथळून दाणे लहान बरण्यांत भरायचे. एकीत लसणाचा अर्क, दुसरीत ट्यूनाचं तेल, तिसरीत क्रिल या कोळंबीसारख्या बारीक सागरी जिवाची भुकटी, वर गुलाबी रंग, आणि रात्रभर फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी श्रीखंडाला ट्यूनाचा वास का येतोय, या प्रश्नाचं उत्तर आधीच तयार ठेवावं. एका धाग्याला दोन गळ असतात, प्रत्येकाला एकच दाणा. आपल्याकडे वाढताना हात आखडता घ्यायची पद्धत नाही, म्हणून लोक चार-चार दाणे खोवतात. मग गळ जड होतो, त्याची वळवळ थांबते आणि दिवसभर आपण तळ्याला उसळ वाढत फिरतो. पेट्रोलचा किंवा सनस्क्रीनचा हात आमिषाला लावू नये. तो वास माशाला कळतो आणि त्याला चिडण्याऐवजी निघून जावंसं वाटतं.

आमिषाच्या पुढे डॉजर लागतो. ही चार ते सहा इंचांची, वाकवलेली, चकचकीत पट्टी. पाण्यातून ओढली की ती डावी-उजवीकडे झोकांड्या खाते आणि मागच्या आमिषाला हिसके देते. मागे हुची, म्हणजे झिरमिळ्यांचं रबरी माकुल, लावलं असेल तर मधला धागा आठ ते बारा इंचच ठेवावा, आणि तोही जरा ताठ, जाड. हुचीला स्वतःची हालचाल शून्य. धागा लांब किंवा लुळा झाला की हिसका वाटेतच जिरतो. स्वतः फिरणारा स्पिनर असेल तर धागा दीड फुटापर्यंत चालतो. खाली सोडण्याआधी सगळं बोटीच्या कडेला ओढून बघावं. डॉजर झुलला तर ठीक. गरगर गोल फिरू लागला तर वेग जास्त आहे, आणि पंधरा मिनिटांत दोऱ्याचा असा पीळ होईल की कात्रीशिवाय सुटणार नाही.

उन्हाळ्यात मासा १० ते १३ अंश सेल्सिअसच्या थरात राहतो. टाहोत तो थर साधारण साठ ते शंभर फुटांवर मिळतो, पहाटे बराच वर. इतक्या खाली हलकं आमिष न्यायला डाऊनरिगर लागतो: बोटीच्या कडेला चक्री, तिच्यावर तार, तारेला दहा पौंडांचा शिशाचा गोळा आणि गोळ्याजवळ चिमटा. आधी आमिष तीस-चाळीस फूट मागे सोडायचं, मग दोरा चिमट्यात अडकवायचा, मग गोळा हळूहळू खाली. घाई केली की आमिष तारेभोवती प्रदक्षिणा घालतं. फिश फाइंडरवर, म्हणजे बोटीखालचे मासे आणि तळ दाखवणाऱ्या पडद्यावर, मासे ऐंशी फुटांवर दिसले तर गोळा पंचाहत्तरवर थांबवावा. कोकॅनी आमिषासाठी वर येतो, खाली सहसा जात नाही. टाहोचे काठ कड्यासारखे तुटलेले आहेत, त्यामुळे काठालगत पडद्यावरचा तळ अचानक वर येतो. गोळा खडकात अडकला की पुढची दहा मिनिटं बोटीवर अस्सल मराठी ऐकू येतं.

या सगळ्यात चिमटा हा सर्वांत दुष्ट. मासा लागला की त्यानं दोरा सोडावा, एवढंच त्याचं काम. सैल ठेवला तर लाट आली की सुटतो. घट्ट ठेवला तर लहान मासा लागूनही सुटत नाही, आणि आपण एका बिचाऱ्याला अर्धा तास ओढत नेतो. काठीचं टोक मध्येच बारीक थरथरलं तर आमिष वर काढून बघावं. ‘अरे, वाऱ्यानं हलतंय,’ असं म्हणणारा एकजण प्रत्येक बोटीवर असतो. त्याला सँडविच बनवायला बसवावं.

वेग ताशी एक ते दीड मैल, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या आजोबांच्या निम्मा. बहुतेक इंजिनांना इतकं हळू जाणं अपमानास्पद वाटतं, म्हणून मागे कापडी पिशव्या टाकून बोटीला ओढ लावतात. सरळ रेषेत जाऊ नये, नागमोडी जावं. वळताना बाहेरच्या बाजूचं आमिष वेग घेऊन वर उठतं, आतल्या बाजूचं मंदावून खाली बसतं. मासा बाहेरच्या काठीला लागला तर वेग किंचित वाढवा, आतल्या काठीला लागला तर कमी करा. धक्क्यावर फुकट मिळणाऱ्या ‘काल नारिंगी जोरात चालला’ या सल्ल्यापेक्षा हे वळण जास्त खरं बोलतं. वळण मात्र मोठं घ्यावं. चटकन वळलात तर दोन्ही दोऱ्यांचं लग्न लागतं.

आणि मग दोरा चिमट्यातून सुटतो, वाकलेली काठी ताडकन सरळ होते. इथं मोठमोठे लोक घात करतात: जोरात हिसका मारतात. कोकॅनीचं तोंड ओल्या कागदाइतकं नाजूक, त्यामुळे हातात फक्त गळ परत येतो. काठी लवचीक हवी, रिळाचा ब्रेक बोटानं ओढला तरी दोरा सुटेल इतका सैल हवा, आणि दोरा कुठंही ढिला न सोडता सलग गुंडाळत राहावं. बोटीजवळ मासा उड्या मारतो, स्वतःभोवती गिरक्या घेतो. जाळी आधीच पाण्यात धरून त्याला तिच्यावर आणावं. जाळी घेऊन त्याच्यामागे धावणाऱ्यानं त्या दिवसापुरता शाकाहार स्वीकारावा.

मासा हाती लागला की लगेच कल्ले कापून रक्त जाऊ द्यावं आणि बर्फात पुरावा. मांस तेलकट असल्यामुळे उन्हात तासाभरात मऊ पडतं. स्मोकरवाले, म्हणजे मासा धुरावर शिजवणारे, त्याला मिठा-साखरेच्या पाण्यात मुरवतात. आपले लोक हळद, तिखट, आगळ लावून, रव्यात घोळवून तव्यावर टाकतात. तेल बेतानंच घालावं, त्याचं स्वतःचं पुरेसं सुटतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लालभडक झालेला, नाक वाकलेला मासा मात्र तव्याच्या कामाचा नाही. तो अंडी घालून मरायला ओढ्याकडे निघालेला असतो आणि तोवर अंगातली चरबी संपवून बसलेला असतो.