अलमट्टी किती सेंटिमीटर?

पावसाळा लागला की आमच्या सांगली-शिरोळच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर अलमट्टी येतेच. कर्नाटकात कृष्णेवर, आपल्या खालच्या अंगाला असलेल्या या धरणाची पातळी 519.6 वरून 524.256 मीटरवर न्यायची म्हणजे आपल्याला बुडवायचाच डाव, असं अर्धे म्हणतात. उरलेले 2019 च्या महापुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीकडे बोट दाखवतात: पूर अलमट्टीमुळे आला नाही. एकाचं 'हो', दुसऱ्याचं 'नाही', आणि मग शुभ सकाळ.

मी नेदरलँड्समध्ये राहते. पुरावरून भांडणं इथंही होतात, पण ती सेंटिमीटरवर. 1995 च्या पुरात इथं सुमारे अडीच लाख लोकांना घरं सोडावी लागली. त्यानंतर नदीला जागा मोकळी करून द्यायचं ठरलं, आणि डेल्फ्टच्या जलसंशोधकांनी 'ब्लोकनडोस' नावाचा संगणकीय संच केला. बांध मागे घ्या, पूरपात्र (पुराचं पाणी पसरतं तो नदीकाठचा पट्टा) खोल करा, अडथळा काढा, असे सुमारे 700 उपाय त्यात होते. नदीच्या मोठ्या मॉडेलवर प्रत्येकाचं गणित आधीच करून ठेवलेलं. उपाय निवडला की कुठल्या किलोमीटरला पाणी किती उतरेल ते लगेच पडद्यावर, समोर इंजिनिअर असो की पुढारी. नायमेखनजवळ लेंटला बांध 350 मीटर मागे सरकवला, त्यात पन्नासेक घरं गेली. लोक भडकले, भडकणारच. पण हिशेब टेबलावर होता.

आपल्याकडे सॉफ्टवेअर नाही म्हणून अडलंय असं मला वाटत नाही. नदीच्या पाण्याचं गणित करणारं, अमेरिकन लष्कराच्या इंजिनिअरांचं हेक-रास कुणालाही फुकट मिळतं. अडतं ते त्यात काय भरायचं तिथं: नदीचे काटछेद (पात्राची आडवी मापं), जमिनीची उंची (इथं देशभराची फुकट उतरवून घेता येते) आणि पात्राचा खडबडीतपणा. हा शेवटचा आकडा आपल्याकडे भलताच नाजूक. पूरपात्रात ऑगस्टमध्ये डोक्यावर गेलेला ऊस उभा असतो, त्यातून पाणी गवतावरून जातं तसं सुटत नाही. या उसामुळे पाणी किती सेंटिमीटर चढतं, हे विचारायची हिंमत कुठला आमदार करेल?

'तुमचा देश सपाट, आमच्यामागे सह्याद्री' हा आक्षेप मात्र खरा आहे. ऱ्हाइनचं पाणी स्वित्झर्लंडहून इथं यायला दिवस लागतात, कोल्हापूरची पंचगंगा रातोरात चढते. जुलै 2021 मध्ये चिपळूण बुडालं, त्याच महिन्यात इथल्या लिम्बुर्गमध्ये खूल नावाच्या छोट्या नदीनं फाल्कनबुर्ख बुडवलं. डोंगरउतारावरच्या नदीपुढे डच शहाणपणही तोकडं पडलं.

तरीही मला हवंय ते एवढंच. ऑगस्टमध्ये अलमट्टी 519.6 ऐवजी 517 वर ठेवली तर सांगलीच्या आयर्विन पुलाशी पाणी किती कमी? शिरोलीजवळचा महामार्गाचा भराव काढून रस्ता खांबांवर घेतला तर कोल्हापुरात किती? कृष्णा तुंबली असताना नृसिंहवाडीच्या संगमापासून मागे पंचगंगेत अडलेल्या पाण्याचा फुगवटा कुठवर? उत्तर शून्य आलं तरी चालेल, पण काटछेद, खडबडीतपणाचे गुणांक आणि गृहीतकं सगळी जलसंपदा विभागाच्या संकेतस्थळावर टाका. तपासणारे आमच्या ग्रुपवरच चार निघतील.