‘दहा वर्षांचं दुखणं रात्री दोनला इमर्जन्सी कसं?’ – या प्रतिक्रियेला उत्तर

आईच्या कॅज्युअल्टीतल्या रात्रीबद्दल लिहिलं होतं, त्यावर एका डॉक्टरांची मोठी कमेंट आलीय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की कॅज्युअल्टी जीव वाचवायला असते, दहा-दहा वर्षं कंबर दुखणाऱ्यांनी दिवसा ओपीडीत यावं, त्यातले बरेच जण औषधाचं नाव घेऊन इंजेक्शन मागायलाच येतात, बीपी-पल्स नॉर्मल असताना आम्ही विश्वास कशावर ठेवायचा, आणि मी एका अनुभवावरून सगळ्या डॉक्टरांना झोडपतेय.

डॉक्टर, लोडबद्दल तुम्ही बोललात ते मला मान्य आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या हॉस्पिटलात एका दिवसात १८ पेशंट गेले तेव्हा तिथे किती माणसं कोंबली होती आणि स्टाफ किती होता हे आम्ही ठाणेकरांनी रोज पेपरात वाचलंय. ॲक्सिडेंटवाला आधी बघा, आई थांबेल, ती त्या रात्रीही दीड तास थांबली आणि त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. माझी तक्रार तिला तपासायला घेतल्यानंतरची आहे.

मागच्या पोस्टमध्ये मी हे नीट लिहिलं नव्हतं, म्हणून आता सांगते. आईला ९ वर्षं कंबरेचा त्रास आहे, उजव्या पायात सायटिका, हे घरात सगळ्यांना पाठ आहे. त्या रात्री ती म्हणाली की आज दोन्ही पायांत जातंय आणि बसायच्या जागी कसंतरी बधीर लागतंय. माजिवड्याच्या सिग्नलपर्यंत रिक्षात ती एक शब्द बोलली नाही, नुसती दांडी धरून बसली. कॅज्युअल्टीत जुनी फाईल उघडली गेली आणि पुढचं सगळं फाईलवरूनच ठरलं. ‘हे जुनंच आहे ना? मग आज काय एवढं?’ आई गप्प बसली होती तर ‘इतकं दुखतंय तर शांत कशा बसल्यात?’ आणि मी आवाज चढवल्यावर ‘मॅडम, तुम्ही पॅनिक होऊ नका, त्यांनाही तुमचंच टेन्शन येतंय.’ डायक्लोफेनॅकचं, म्हणजे साध्या पेनकिलरचं, इंजेक्शन दिलं आणि घरी पाठवलं. केस पेपरवर लिहिलं, नोन केस ऑफ क्रॉनिक बॅकेक, अँक्झायटी, म्हणजे जुनीच कंबरदुखी आणि घबराट. दोन्ही पाय, बधिरपणा, यातलं एक अक्षर त्यात नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिला लघवी झाली नाही. दुसऱ्या हॉस्पिटलातल्या तरुण डॉक्टरने फाईल बाजूला ठेवून तिला विचारलं, ‘काकू, सायकलच्या सीटवर बसल्यावर जो भाग टेकतो तिथे हात लावलेला कळतो का?’ ती नाही म्हणाली. रात्रीच एमआरआय, पहाटे ऑपरेशन. कॉडा इक्विना. मणक्याच्या खालच्या भागात घोड्याच्या शेपटीसारखा नसांचा जो झुबका असतो तो सरकलेल्या गादीखाली दाबला गेला होता. यात तासांचा हिशोब असतो, ऑपरेशन ४८ तासांच्या आत, आणि जितकं लवकर तितकं बरं, हे तुम्हाला मी सांगायला नको. पाय वाचले. लघवीचं कंट्रोल पूर्ण परत आलेलं नाही, घाटकोपरला बहिणीकडे जायचं म्हटलं तरी ती आदल्या रात्रीपासून पाणी कमी पिते.

म्हणून ‘जुनं दुखणं इमर्जन्सी कसं’ हा प्रश्न मला कळतच नाही. जुनं दुखणं असलेल्या माणसाला नवीन काही होऊच शकत नाही का? उलट त्यालाच फरक पहिला कळतो, कारण रोजचं कसं असतं ते त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

आता बीपी-पल्सचं. वर्षानुवर्षं दुखत असेल तर पल्स बऱ्याचदा नॉर्मलच असते, चेहराही नॉर्मल असतो, शरीर आणि माणूस दोघंही सवय करून घेतात. एमआरआय सुद्धा पुरावा म्हणून कच्चाच, काहीही न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या गाद्या त्यात झिजलेल्या दिसतात. वेदनेवर काम करणाऱ्यांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे तिने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा सोबत स्पष्ट लिहिलं की माणूस दुखतंय म्हणून सांगतो त्या सांगण्याचा मान ठेवावा. आणि माझा एकच अनुभव म्हणता, तर २००८ मध्ये छापून आलेला अमेरिकेतल्या एका इमर्जन्सी विभागातला अभ्यास बघा: पोटदुखीने आलेल्या बायका आणि पुरुष, दुखण्याचा स्कोअर साधारण सारखा, पण औषध मिळेपर्यंत पुरुष ४९ मिनिटं थांबले आणि बायका ६५.

औषधाचं नाव घेतात म्हणून संशय, हे वाचून मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. ट्रॅमाडॉल हे सवय लावू शकणारं पेनकिलर २०१८ पासून एनडीपीएसमध्ये, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात आहे, तुम्हाला त्याचा हिशोब द्यावा लागतो, सवय लागलेले पेशंटही येत असणार, हे मी नाकारत नाही. पण शुगरचा पेशंट इन्सुलिनचे युनिट तोंडपाठ सांगतो तेव्हा तुम्ही त्याला शहाणा पेशंट म्हणता ना? आई ९ वर्षं गोळ्या खातेय, कुठली पोटाला बाधते आणि कुठल्या गोळीने चक्कर येते हे ती सांगणारच. आणि विश्वास ठेवणं म्हणजे इंजेक्शन देणं नाही हो. देऊ नका, तो तुमचा निर्णय, पण ती जे सांगतेय ते ऐका आणि पेपरवर तिच्या शब्दांत उतरवा, म्हणजे पुढच्या डॉक्टरला तरी दिसेल.

‘मग आम्ही नेमकं करायचं काय’ असं तुम्ही शेवटी विचारलंय. ‘आजचं दुखणं रोजच्यासारखंच आहे की वेगळं?’ एवढं विचारा. कंबर असेल तर लघवी आणि बधिरपणाचंही विचारा. एक मिनिट लागतं, त्या तरुण डॉक्टरला तेवढंच लागलं होतं, आणि त्याच्या कॅज्युअल्टीतही तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती.

मागच्या महिन्यात आईच्या छातीत रात्री दुखायला लागलं. तिने सकाळी सातला, चहा ठेवताना सांगितलं. ईसीजी नॉर्मल आला, ॲसिडिटी निघाली. रिक्षात मी तिला विचारलं की रात्रीच का नाही उठवलंस, तर म्हणाली, ‘परत तेच म्हणतील गं.’