मीटर काय छान आलाय!

आमच्या घरात सगळ्यात फोटोजेनिक कोण, तर पाइप गॅसचा मीटर. हे मला मार्चमध्ये कळलं. तोवर हा मान मी धाकट्या लेकाला देत होते.

सुरुवात नणंदेने केली. सासूबाईंच्या पंचाहत्तरीला तिने एक सबस्क्रिप्शन भेट दिलं. फोनमध्ये ॲप टाकायचं, महिन्याभरातले साठ फोटो निवडायचे, की त्यांचं गुळगुळीत पुस्तक छापून घरी येतं. "पंधरा मिनिटांचं काम आहे गं वहिनी." पुरणपोळ्यांबद्दलही ती हेच म्हणते. वर एक तळटीप: पंचवीस तारखेपर्यंत निवडले नाहीत, तर ॲप आपलं आपण निवडतं.

पंचवीस तारखेला रात्री साडेदहाला ओटा पुसून मी बसले. महिन्याचे फोटो 640. त्यातले नऊ एकाच क्षणाचे, केक कापतानाचे. एकात लेकाचे डोळे मिटलेले, एकात नवरा केकऐवजी टीव्हीकडे बघतोय आणि मी नऊच्या नऊ फोटोंत "अगं थांब, ताट पुढे घे" असं म्हणतेय. माझ्या लहानपणी 36 फोटोंचा रोल असायचा. अंधारात जपून भरला तर 37वा निघायचा, नशीब जोरावर असेल तर 38वा, आणि तो बाबा स्वतःच्या कर्तबगारीत धरायचे. गणपतीला घातलेला रोल दिवाळीच्या किल्ल्यापर्यंत पुरवायचा. निवडबिवड काही नाही. आला तो फोटो. आमची एक मावशी 1989पासून अल्बममध्ये झोपलेली आहे, कुणाची तक्रार नाही.

नवरा शेजारी लोळत माहिती पुरवत होता. अमेरिकेत म्हणे एका जोडप्याने 'ग्रूव्हबुक' नावाने असाच धंदा काढला होता. महिन्याला 2.99 डॉलर, 100 फोटो. आणि 2014 मध्ये तो 1.45 कोटी डॉलरला विकला. "त्याची पानं फाडून वेगळी करता यायची, बघ." तेव्हा मी दोनशे बाराव्या फोटोवर होते. फाडण्याच्या सोयीचं महत्त्व मला पुढे कळायचं होतं.

निवडले तरी सुटका नव्हती. चांगल्या फोटोवर बोट ठेवलं की कोपऱ्यात पिवळा त्रिकोण यायचा, आत उद्गारचिन्ह: हा नीट छापला जाणार नाही. कारण सरळ आहे. आठ इंची पानाला इंचाला 300 ठिपके या हिशेबाने 2400 पिक्सेल लागतात. आणि घरच्या कार्यात आपण असतो वाढपात. फोटो काढतात दीर, भाचे, जाऊबाईंची बहीण. ते येतात व्हॉट्सअ‍ॅपवरून, आणि तिथून येताना चांगला धट्टाकट्टा फोटो लांबीला 1600 पिक्सेलच्या आसपास वाळून येतो. म्हणजे सासूबाईंचं औक्षण: त्रिकोण. नातवाने पायावर डोकं ठेवलं: त्रिकोण. मी माझ्या हाताने, माझ्या फोनने, पूर्ण 12 मेगापिक्सेलमध्ये काय काढते? मीटरचं रीडिंग. मॉलच्या पार्किंगचा खांब. वॉशर गेलेला नळ.

सव्वाबाराला मी फोन उपडा ठेवून झोपले. तारीख उलटली आणि उरलेले फोटो ॲपने निवडले.

पुस्तक आलं. पहिल्याच पानावर, कडेपासून कडेपर्यंत, गॅसचा मीटर. आकडे इतके स्वच्छ की सासूबाईंनी चष्म्याशिवाय वाचले. "मीटर काय छान आलाय!" पुढच्या पानांवर बायकांच्या पाठी. मी लग्नाला गेले की ब्लाउजचे गळे टिपून घेते, टेलरला दाखवायला. समोरून विचारायची लाज वाटते, म्हणून मागून. एकूण अकरा पाठी. त्यातली एक जाऊबाईंची निघाली. त्यावरून झालेलं बोलणं इथे देत नाही.

आणि मधोमध, दोन पानं जोडून, चौकातला फ्लेक्स. वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. मध्ये गॉगलवाले अण्णा हात जोडून, भोवती गोल चौकटींत शुभेच्छुक. मला त्याच्या खालचा शिलाई मशीन दुरुस्तीवाल्याचा नंबर हवा होता, एवढंच. पण ॲपला दिसले तेवीस हसरे चेहरे, सगळे कॅमेऱ्याकडे बघणारे, एकाचेही डोळे मिटलेले नाहीत. आमच्या घरच्या माणसांना हे आजवर जमलेलं नाही. खाली त्याने आपणहून छापलं होतं: 'आपला परिवार'.

सासूबाईंनी पान बराच वेळ निरखलं. "हे तुझ्या माहेरचे का गं?"

मी नाही म्हणेपर्यंत पुस्तक शेजारी गेलं होतं. माहेरी इतकं सोनं घालणारी माणसं असतील असं त्यांना वाटलं नव्हतं. आवाजात थोडा आदर आल्यासारखा वाटला, म्हणून मीही फार ताणलं नाही.

मधल्या काळात चिडून मी फोनमधले सगळे मीटर, खांब, नळ पुसून टाकले. नेमकं तेव्हाच गॅसचं बिल आलं, नेहमीच्या चौपट. कंपनीचा माणूस आला. "मार्चच्या रीडिंगचा फोटो आहे का, मॅडम?" मी फोन चाचपतेय तोवर सासूबाईंनी त्याला बसवलं, चहा दिला आणि पुस्तक मांडीवर ठेवलं. पान एक. त्याने आकडा टिपला, मान हलवली, "वर साहेबांना विचारावं लागेल, वेळ लागतो," असं म्हणत सहज पुढची पानं उलटली. पाठी घाईघाईने ओलांडल्या. मध्यावर येऊन थांबला.

"अहो, हे तर आमच्या वॉर्डातले अण्णा!"

"सुनेच्या माहेरचे," सासूबाई म्हणाल्या. "अजून एक कप घ्या."

बिल दुसऱ्या दिवशी दुपारी दुरुस्त होऊन आलं.